प्रीसीझन मॅचचे निकाल किती मनावर घ्यायचे? आणि सध्या कोणते नवे अल्बम ऐकण्यासारखे आहेत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमची टीम प्रीसीझनमध्ये तीन मॅच हरली, मग आता सीझनचं काही खरं नाही का? आणि जाता जाता नवे अल्बमही विचारलेत. प्रश्न दोन आहेत, पण माझ्याकडे ते एकाच वहीत असतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. प्रीसीझन म्हणजे सीझन सुरू होण्याआधीच्या सरावाच्या मॅच. आधीच सांगून टाकतो, मी लिव्हरपूलवाला आहे, म्हणजे त्या इंग्लिश फुटबॉल क्लबचा चाहता. उदाहरणं तिकडेच झुकणार.

वही खरोखरची आहे. जुलै लागला की मॅच लावायची, कॉमेंट्री बंद करायची आणि हेडफोनवर त्या आठवड्यात आलेला अल्बम सुरू करायचा. प्रीसीझनच्या कॉमेंट्रीत तसंही निम्मा वेळ कोण कुठल्या क्लबात चाललाय याच्याच गप्पा असतात, फार काही हुकत नाही. डाव्या पानावर मॅच, उजव्या पानावर अल्बम. नियम एकच: डावीकडे स्कोअर लिहायचा नाही, उजवीकडे स्टार द्यायचे नाहीत.

हा नियम मार खाऊन आलाय. १२ जुलै २०२२, बँकॉक. मँचेस्टर युनायटेडने आम्हाला ४-० धुतलं. युनायटेडचे मॅनेजर म्हणून एरिक टेन हाग यांची ती पहिलीच मॅच. माझ्या युनायटेडवाल्या मित्राने त्यानंतर मला जगू दिलं नाही. कामाचा मेसेज असला तरी शेवटी ‘४-०’ असायचंच. बरोबर महिन्याने, १३ ऑगस्टला, ब्रेंटफर्डने त्याच युनायटेडला ४-० हरवलं, आणि चारही गोल पहिल्या ३५ मिनिटांत. मी त्याला एक अक्षर लिहिलं नाही, फक्त त्याचाच जुना मेसेज फॉरवर्ड केला. (त्यानंतर नऊच दिवसांनी युनायटेडने प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य स्पर्धेत, आम्हाला २-१ हरवलं. हे लपवलं तर तो मला सोडणार नाही.)

युनायटेडचाच २०१४ चा किस्सा याहून भारी आहे. लुई व्हॅन गाल मॅनेजर म्हणून नुकतेच आले होते. अमेरिकेत एलए गॅलक्सीला ७-०, मग अ‍ॅन आर्बरला १,०९,३१८ लोकांसमोर रेआल माद्रिदला ३-१. प्रीसीझनमध्ये जिंकतच सुटले होते. १६ ऑगस्टला ओल्ड ट्रॅफर्डवर लीगची पहिली मॅच, समोर स्वान्सी, आणि हरले १-२. दहा दिवसांनी लीग कपमध्ये तिसऱ्या पातळीवरच्या एमके डॉन्सने ४-० ने लोळवलं.

आणि याच्या बरोबर उलटं २०१९ मध्ये झालं. लिव्हरपूल डॉर्टमुंडकडून हरली, सेव्हियाकडून हरली, स्पोर्टिंगशी बरोबरी, मग नापोलीकडून ०-३. सलग चार मॅच एकही विजय नाही. त्याच टीमने पुढे ९९ पॉइंट करून ३० वर्षांनी लीग जिंकली. त्याच जुलैत रेआल माद्रिदने अ‍ॅटलेटिकोकडून सात गोल खाल्ले, ७-३. एकट्या डिएगो कोस्टाने चार मारले, वर रेड कार्डही घेतलं. पण २०१९-२० चं ला लीगा (स्पेनची मुख्य लीग) जिंकलं रेआलनेच, आणि अख्ख्या ३८ मॅचमध्ये त्यांच्यावर २५ गोल झाले. एका रात्रीत सात आणि मग वर्षभरात पंचवीस. तेव्हा तुमच्या तीन पराभवांचं फार मनावर घेऊ नका.

असं का होतं हे उघड आहे. सकाळ-संध्याकाळ सराव चाललेला असतो, पाय जड असतात. हाफटाइमला अकराच्या अकरा बदलतात, म्हणजे तुम्ही एक मॅच बघतच नसता, दोन अर्ध्या बघत असता. आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेले अजून सुट्टीवर असतात. २०१९ मध्ये सलाह, माने, फिर्मिनो, अलिसन हे चौघेही असेच अमेरिका दौऱ्यात नव्हते. शिवाय समोरची टीम कुठल्या टप्प्यावर आहे हे बघायला हवं. जपानी क्लब २०२५ पर्यंत जुलैत ऐन सीझनमध्ये असायचा, पळायला त्याला काही अडायचं नाही. निम्म्या मॅच तर तिकीटं आणि जर्सी खपवायलाच ठेवलेल्या असतात. पण खेळाडूला दुखापत मात्र खरीच होते. मार्को असेन्सिओने २०१९ च्या प्रीसीझनमध्ये आर्सेनलविरुद्ध गोल केला, त्याच मॅचमध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, आणि मैदानावर परतायला त्याला जून २०२० उजाडला.

मग बघायचं काय? बॉल गेल्यावर पुढच्या पाच-सहा सेकंदांत टीम काय करते ते. माझं डावं पान बहुतेक त्यानेच भरतं. २०२५ मध्ये २६ जुलैला हाँगकाँगला मिलानकडून आम्ही ४-२ हरलो. पराभवाचं काहीच वाटलं नाही, पण वहीत मी लिहून ठेवलंय: ‘बॉल गेला की मागे मोकळं रान. दोन्ही फुलबॅक वर, मिडफिल्डमध्ये थांबायला कोणी नाही.’ (फुलबॅक म्हणजे कडेचे बचावपटू.) आमचा नवा खेळाडू फ्लोरियान व्हिर्ट्झ आल्यावर बॉल आपल्याकडे असताना खेळ देखणा दिसत होता, हेही तिथेच खाली आहे. मग १० ऑगस्टला कम्युनिटी शील्डमध्ये, म्हणजे सीझनच्या तोंडावरच्या एका मॅचच्या कपमध्ये, क्रिस्टल पॅलेसने दोनदा मागून येऊन २-२ केलं आणि पेनल्टीवर जिंकले. १५ ऑगस्टला बोर्नमथविरुद्ध २-० चे २-२ झाले, नशिबाने शेवटी ४-२ सुटलो. २५ ऑगस्टला न्यूकॅसल दहा जणांनिशी खेळत होते, तरी परत २-० चे २-२. म्हणजे हाँगकाँगच्या मॅचमधला निकाल विसरायचा होता, पण ते मोकळं रान विसरायचं नव्हतं. तुमच्या टीमच्या तीन मॅच परत बघता आल्या तर गोल कसे खाल्ले तेवढंच बघा. नवख्या पोराने पास चुकवला, गोलकीपर तिसऱ्या नंबरचा होता, असं असेल तर निवांत झोपा. तिन्ही वेळा एकाच जागेतून खाल्ले असतील तर ते ऑगस्टमध्येही खाणार.

आता उजवं पान. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी यायला लागले. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवारी आणि अमेरिकेत मंगळवारी यायचे. शुक्रवारी अल्बम, शनिवार-रविवारी मॅच, ही माझी सोय तेव्हापासूनची. अल्बमच्या आधी सुटी येणारी गाणी, सिंगल्स, म्हणजे मला प्रीसीझनच वाटतं: मुद्दाम निवडलेला प्रतिस्पर्धी, मुद्दाम निवडलेलं मैदान. त्यावरून अल्बम ठरवू नये. आणि पहिल्यांदा ऐकून तर मुळीच ठरवू नये, कारण पहिल्या ऐकण्यात आपले कानसुद्धा जड पायांचेच असतात.

२०२५ चं बोलायचं तर ‘पल्प’ या ब्रिटिश बँडचा ‘मोअर’ जूनच्या सुरुवातीला आला. २४ वर्षांनी नवा अल्बम, त्यामुळे मी धसक्यानेच लावला; जुन्या बँडचं पुनरागमन हे बहुधा माजी खेळाडूंच्या प्रदर्शनीय मॅचसारखं असतं, टाळ्या मिळतात, पळणं होत नाही. इथे पळणं आहे. गायक जार्व्हिस कॉकरचा आवाज म्हातारा झालाय आणि तो ते लपवत नाही. २०२३ मध्ये गेलेला त्यांचा बेसिस्ट स्टीव्ह मॅकी, त्याला हा अल्बम अर्पण केलाय. तिसऱ्यांदा ऐकताना आवडला.

‘वेट लेग’ या ब्रिटिश बँडचा ‘मॉइश्चरायझर’ ११ जुलैचा. पहिल्या अल्बमला ग्रॅमी मिळाल्यावर दुसरा काढणं म्हणजे वरच्या लीगमध्ये प्रमोशन मिळालेल्या टीमचा दुसरा सीझन, सगळ्यांना तुमची चाल कळलेली असते. त्यांनी चालच बदलली, थट्टा कमी केली आणि सरळ प्रेमाची गाणी केली. मॅचच्या एका हाफमध्ये अख्खा अल्बम बसतो, हा माझ्यासाठी जादा गुण. त्याहून छोटा रॅपर टायलर, द क्रिएटरचा ‘डोन्ट टॅप द ग्लास’. दहा गाणी, जेमतेम २८ मिनिटं, आणि शुक्रवार सोडून सोमवारी, २१ जुलैला, दोन-चार दिवस आधी सांगून टाकला. बसून ऐकायचा नाही, नाचायचा असा त्याचा आग्रह. मी बसूनच ऐकला. चुकलंच माझं.

एक अल्बम मात्र वहीत नीट बसत नाही. ३ जुलैला स्पेनमध्ये कार अपघातात आमचा खेळाडू दिओगो जोटा गेला, सोबत त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा. जोटा २८ वर्षांचा, लग्नाला अकरा दिवस झालेले, आणि प्रीसीझनसाठीच तो इंग्लंडला परत निघाला होता. पुढच्या शुक्रवारी, ११ जुलैला, ‘क्लिप्स’ या रॅप जोडीचा ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ आला. पुशा टी आणि मॅलिस, सख्खे भाऊ, दोघांचा मिळून सोळा वर्षांनी अल्बम. ठरल्याप्रमाणे मी तो लावला. पहिलंच गाणं त्यांच्या आईवडिलांबद्दल निघालं, जे काही महिन्यांच्या अंतराने गेले. एक भाऊ आईबद्दल बोलतो, दुसरा वडिलांबद्दल. दोन भाऊ या गोष्टीपाशीच मी अडकलो. पुढची गाणी त्या दिवशी ऐकलीच नाहीत.

रविवारी, १३ तारखेला, प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर आमची पहिली प्रीसीझन मॅच. रद्द होईल असं वाटलं होतं, पण झाली. त्या दिवशी हेडफोन लावले नाहीत, कॉमेंट्री चालू ठेवली. सुरुवातीला प्रेस्टनच्या कॅप्टनने लिव्हरपूलच्या प्रेक्षकांपुढे जाऊन पुष्पचक्र ठेवलं, मग एक मिनिट शांतता. मॅच सुरू झाल्यावर विसाव्या मिनिटाला, कारण जोटाचा नंबर २०, चाहते त्याच्यासाठी गायचे ते गाणं सुरू झालं. त्या गाण्याची चाल क्रीडन्स क्लियरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या गाण्याची आहे. मूळ गाणं येणाऱ्या संकटाबद्दल आहे, पण चाल इतकी उडती की स्टँडमध्ये ती नेहमी नाचत-हसतच गायली जायची. त्या दिवशीही शब्द तेच, चाल तीच, कुणी लय संथ केली नाही. लोक रडत होते आणि उडत्या चालीत गात होते. नंतर आमच्या नुन्येझने गोल केला आणि जोटासारखाच जल्लोष केला. महिनाभरात नुन्येझही सौदीतल्या क्लबात निघून गेला. वहीत त्या मॅचबद्दल ‘प्रेस्टन’ एवढाच शब्द आहे, समोरच्या पानावर क्लिप्सचं एकच गाणं. अल्बम मी ऑगस्टमध्ये पूर्ण ऐकला. निर्माता फॅरेल विल्यम्सने बीट्स फार विचारपूर्वक, मोकळे ठेवलेत. २०२५ मधला एकच ऐकायचा असेल तर तो ऐका.

तर प्रीसीझन मॅचला अर्थ नसतो असं मी आता म्हणत नाही. स्कोअरला नसतो.

आणि पोरं बघायला तर प्रीसीझनसारखी जागा नाही. ३० जुलैला योकोहामा एफ. मारिनोसविरुद्ध रिओ एनगुमोहा नावाचा सोळा वर्षांचा विंगर डावीकडून एकटाच बॉल घेऊन धावला आणि स्वतःच गोल मारून आला. वहीत: ‘हा पोरगा घाबरत नाही. बॅकच्या अंगावर जातो.’ ४ ऑगस्टला अ‍ॅन्फिल्डवर अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध पुन्हा गोल. मग ती वर सांगितलेली न्यूकॅसलची मॅच, २-२. आमचे तेव्हाचे मॅनेजर आर्ने स्लॉट यांनी त्याला ९६ व्या मिनिटाला उतरवलं, त्याची प्रीमियर लीगमधली पहिलीच मॅच. शंभराव्या मिनिटाला सलाहने उजवीकडून पास दिला, सोबोस्लाईने तो पायांमधून जाऊ दिला आणि एनगुमोहाने पहिल्या स्पर्शात कोपऱ्यात मारला. सतरावा वाढदिवस चार दिवसांवर होता. मी मित्राला लगेच वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: ‘४-०’. बँकॉक अजून संपलेलं नाही.

‘डेफ्टोन्स’ या अमेरिकन बँडचा ‘प्रायव्हेट म्युझिक’ २२ ऑगस्टला आलाय. तो सुचवायचा की नाही ते अजून ठरलं नाही. दोनदाच ऐकलाय, त्यातल्या एकदा न्यूकॅसलची मॅच चालू होती आणि शेवटची तीन गाणी मी स्वतःच्या ओरडण्यात ऐकली. नोव्हेंबरमध्ये विचारा.