‘स्ट्रेस, फटीग, वर्कलोड, सगळं ताणच ना?’ या प्रश्नाला माझं उत्तर

तुम्ही खानापूरचे, एटीसीच्या म्हणजे विमान वाहतूक नियंत्रणाच्या ट्रेनिंगला निघालाय आणि विचारताय की ह्युमन फॅक्टर्स म्हणजे कामातल्या माणसाच्या मर्यादा शिकवणाऱ्या विषयातल्या या शब्दांना मराठीत सगळे ताणच म्हणतात, मग वेगवेगळे पाठ कशाला करायचे. सगळं एकाच पोत्यात भरलं की काय होतं ते मी कंट्रोलर म्हणून भोगलंय, म्हणून लिहितोय.

वर्कलोड म्हणजे त्या घटकेला अंगावर असलेलं काम. स्ट्रेसर म्हणजे ताण देणारी गोष्ट आणि स्ट्रेस म्हणजे त्यावर आपलं शरीर-मन काय करतं ते. फटीग म्हणजे थकवा, आणि तो रिकाम्या आकाशातही येतो. मला तसाच आला.

रात्रपाळी, पहाटेचे पावणेचार. रडारवर मोजून ४ विमानं. एकाला ३५० वरून ३३० ला, म्हणजे ३३ हजार फुटांवर यायला सांगितलं, कारण ३२० वर समोरून दुसरं येत होतं. वैमानिकानं रीडबॅक दिला, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवली, ती ३१०. मला ऐकू आलं ३३०, कारण मी तेच ऐकायला बसलो होतो. रीडबॅकमधली चूक अशी कानावरून सुटण्याला हिअरबॅक एरर म्हणतात. रडारवर विमानाच्या लेबलवरचा उंचीचा आकडा ३३४, ३३२ असा सरसर उतरत होता. ३३० ला थांबणारं विमान शेवटी हळू होतं, हे होईना. ‘स्टॉप डिसेंट’, म्हणजे खाली येणं थांबवा, म्हणून ओरडलो तेव्हा ३२८ झालं होतं. दोघांत आडवं अंतर अजून १२ मैल होतं, म्हणून निभावलं.

नंतर तळहात गार पडले. बाकीची दोन विमानं कुठली, कुठे निघालीत, काही आठवेना. डोक्यातलं आकाशाचं चित्र असं पुसलं गेलं की आमच्यात त्याला ‘पिक्चर गेलं’ म्हणतात. सुपरवायझरनं विचारलं, ‘दमलास काय रे?’ मी म्हटलं, ‘नाही सर.’ आणि त्याच खुर्चीत अजून ४० मिनिटं बसलो. ती ४० मिनिटं मला त्या चुकीपेक्षा जास्त टोचतात.

‘नाही’ का म्हटलं? आमच्या घरात दमलो म्हणणं म्हणजे कमीपणा. दादा बेळगाव-पुणे रात्रीची खाजगी बस चालवायचा. सुट्टीला आलो तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. भाकरी मोडत म्हणाला, ‘खुर्चीत बसून बोलायचं काम तुझं, त्यात कसला ताण आलाय? आम्ही तवंदी घाट रात्री काढतो की.’ पण एकदा त्यानंच सांगितलं होतं, कागल सोडल्याचं आठवतंय, मग एकदम संकेश्वर. मधली निपाणी आणि घाट गायब. ४५ माणसं मागं झोपलेली. त्याला तो म्हणतो ‘डोळा जड झाला होता’. मी म्हणतो मधेमधे मायक्रोस्लीप, म्हणजे काही सेकंदांची नकळत लागलेली झोप. १५ वर्षं आमचं यावरून वाजतंय.

१ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं धडकून ७१ जण गेले. झुरिचच्या कंट्रोल रूममध्ये तेव्हा एकच माणूस दोन टेबलं सांभाळत होता, जोडीदार विश्रांतीला, मुख्य फोन दुरुस्तीसाठी बंद. चौकशी त्या माणसापाशी थांबली नाही. रात्री एकट्याला बसवायची पद्धत संस्थेनं वर्षानुवर्षं चालवून घेतली, हेही कारणांत लिहिलं गेलं. नुसतं ‘ताण होता’ म्हटलं असतं तर खापर एकाच डोक्यावर फुटलं असतं.

तेव्हा शब्द इंग्रजीत परीक्षेपुरते पाठ करा, पण मनातल्या मनात मराठीत म्हणून बघा: ‘मला झोप आवरत नाही’, ‘माझं पिक्चर गेलंय, मला उठवा’. आपण मराठी शाळेतली मुलं इंग्रजीत ‘आय ॲम फाइन’ फार पटकन म्हणतो. घटनेनंतर खुर्ची सोडायचीच, जोडीदारानं कितीही चहा देऊन परत बसवलं तरी. यासाठी क्रिटिकल इन्सिडंट स्ट्रेस मॅनेजमेंट नावाची पद्धत आहे, तीत आपल्यातलाच शिकवलेला सहकारी येऊन बोलतो.

हां, ही पद्धत म्हणजे रामबाण नव्हे. एकदाच बसवून सगळं वदवून घेण्यानं फायदा होतो का, यावर तज्ज्ञांत वाद आहे, तेव्हा बोलायची सक्ती कुणी करू नये. आणि ड्यूटीच्या तासांचे नियम माझ्या वेळचे धरू नका, डीजीसीएचे, म्हणजे देशातल्या विमान वाहतूक नियामकाचे, आत्ताचे वाचा.

दादा हे वाचणार, वहिनी दाखवतेच त्याला. दादा, डोळा जड झाला नव्हता. तू झोपला होतास.