वाढता वाढता थांबतं कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): चमचाभर विरजणाने लिटरभर दूध लागतं. मग ते जिवाणू पुढे वाढत का नाहीत?

उत्तर: सुरुवातीला ते जोरातच वाढतात. कोमट दुधात एकाचे दोन, दोनाचे चार. दोन तासांनी झाकण उघडलं तर दूध पातळच दिसतं, पण आत दुप्पट-चौपट चालूच असते. मग थोड्याच वेळात दही घट्ट लागतं आणि वाढ मंदावते. दुधातली साखर संपलेली नसते, बरीच उरलेली असते. जिवाणूंनीच सोडलेलं लॅक्टिक आम्ल साचत जातं आणि तेच त्यांना सोसवेनासं होतं. आधी संथ, मग वेगात, मग पुन्हा संथ अशा वाढीचं समीकरण बेल्जियमचे गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडलं. त्यात वरची मर्यादा ठरलेली असते. ती कशामुळे पडते, हे मात्र दर वेळी शोधावं लागतं.

प्रश्न (पुणे): तळ्यातली जलपर्णी दरवर्षी काढतात, तरी पावसाळ्याआधी तळं पुन्हा हिरवं. काढण्यात कसूर होते का?

उत्तर: थोडी होत असेल, पण खरा घोळ गणितात आहे. चांगलं पोषण मिळालं तर जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. दहातले नऊ भाग काढले, तरी त्याच वेगाने सात आठवड्यांत तळं पुन्हा भरेल. शिवाय गाळात बिया पडून असतातच. तिला पोसतात सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस. नाला तळ्यात येतोय तोवर यंत्रं लावून फक्त उसंत मिळेल. आधी नाल्यामागे लागा.

प्रश्न (चंद्रपूर): जेवढं अन्न तेवढेच प्राणी, असा समतोल निसर्ग आपोआप राखत नाही का?

उत्तर: नेहमी नाही, आणि या समजुतीची मला फार काळजी वाटते. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने २९ रेनडियर सोडले. तिथल्या माणसांना अडीअडचणीला मांस मिळावं, हा हेतू. माणसं निघून गेली, रेनडियर राहिले. त्यांना खाणारं कुणी नव्हतं आणि जमिनीवर जाडजूड लायकेन पसरलेलं होतं. (आपल्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच.) १९६३ मध्ये कळप सुमारे ६००० झाला. लायकेन मात्र अतिशय हळू वाढतं. वर्षानुवर्षांची साठवण कळपाने काही हिवाळ्यांत खाऊन टाकली, त्यात पुढचा हिवाळा फार कडक गेला. १९६६ मध्ये उरले ४२, त्यांत नर एकच आणि तोही प्रजननाला असमर्थ. पुढे बेटावर एकही राहिला नाही.

अन्न आटू लागल्याचा परिणाम जन्म-मृत्यूंवर दिसायला वेळ लागतो. तोवर कळप मर्यादा ओलांडून पुढे गेलेला असतो आणि चरून चरून ती मर्यादाच खाली आणतो.

प्रश्न (रायगड): गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ मध्ये बंदी आली. मग गिधाडं अजून का दिसत नाहीत?

उत्तर: मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. इतक्या खालून असली चढण फार लांबते. त्यात असं विषारी औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन वयात आलेली मोजकी गिधाडं जरी मेली, तरी हिशेब पुन्हा उणे होतो. तुमच्या गोठ्यात जनावराला वेदनाशामक द्यायची वेळ आली, तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना बाधत नाही.