टीव्हीमागच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या सुतार न बोलावता बसवता येतील का? फ्लॅट डोंबिवलीत आहे.

येतील, पण आधी ती भिंत बाहेरची आहे का ते बघा. बाहेरची असेल आणि पावसाळ्यात तिला ओल येत असेल, तर पहिला खर्च वॉटरप्रूफिंगचा. ओल्या भिंतीवर लाकूड ठोकलं की मागे बुरशी धरते, पुढे वाळवीही लागू शकते.

भिंत कोरडी असेल तर पट्ट्या थेट प्लास्टरला चिकटवू नका. आपल्याकडचं प्लास्टर क्वचितच सरळ असतं; लांब पट्टी टेकवून बघा, मधे फट दिसेलच. त्यापेक्षा दर दीड फुटावर आडव्या रिपा (आधाराच्या अरुंद लाकडी फळ्या) मारा, लेव्हल बघून, गिट्टी (भिंतीतल्या भोकात बसवायचा प्लग) आणि स्क्रूने. जिथे भिंत आत गेलीय तिथे रिपेमागे प्लायचा तुकडा सरकवा. या कामाला घाई नको, पुढचं सगळं यावरच बसतं. उभ्या पट्ट्या मग फेविकॉल आणि बारीक खिळ्यांनी पटापट लागतात.

ड्रिल करताना स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आतून वायरिंगचा पाइप गेलेला असतो.

साध्या एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या) पट्ट्या स्वस्त पडतात, पण पाणी लागलं की फुगतात. पाइन किंवा ७१० ग्रेडचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या. पाइन घेतलंत तर आठवडाभर त्याच खोलीत आडवं ठेवा, मागूनही पॉलिश मारा आणि कडेला चार-पाच मिलिमीटर जागा सोडा, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतंच.

टीव्हीचा स्टँड मात्र पट्ट्यांवर नको, थेट भिंतीत लांब अँकर बोल्टने.