इंजिनीअरिंगची डिग्री नाही, तरी कोड लिहायचाय

या वेळी चार पत्रं निवडली आहेत. चारही पत्रांचा विषय एकच, कॉलेजात न जाता आपल्या आपण प्रोग्रॅमिंग शिकणं. मी स्वतः रसायनशास्त्रातली बीएस्सी. नागपुरात धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करता करता कोड लिहायला शिकले आणि आता बरीच वर्षं गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये तेच काम करते. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय २७, शिक्षण बीकॉम. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडतो. आधी वेबपेज बनवायचं एचटीएमएल केलं, मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, मग कोणी म्हणालं वेबसाइट बनवायच्या रिॲक्टला मागणी आहे, म्हणून ते घेतलं. व्हिडिओ पाहताना सगळं कळतं, पण दाखवायला हाती काहीच नाही. अर्ज करतो तर उत्तरच येत नाही. हुरूप टिकत नाही. एक क्लास दीड लाखात नोकरीची हमी देतोय, हप्तेही पाडून देतो. बाबा म्हणतात, आहे ती नोकरी टिकव. पैसे भरू का? — एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : नका भरू. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमचं पत्र छापून येईपर्यंत तुमच्यावर सही करायचा तगादा लागलेला असेल. 'हप्ते' म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेकडून तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. क्लास मधेच सोडलात, तरी कर्ज सुटत नाही. हप्ता थकला की सिबिलला नोंद होते. आणि हमीच्या कागदावर अटींची रांग असते, ती सहीआधी कोणी वाचून दाखवत नाही.

आता अर्जांचं. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. पण अशा मोठ्या कंपन्या फ्रेशर घेताना अनेकदा बीई, बीटेक, एमसीए मागतात, वर दहावीपासून ६० टक्के हवेत असंही म्हणतात. तिथे तुमचा अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही, मशीनच बाजूला काढते. त्यात तुमच्या कुवतीचा निवाडा नसतो, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका. तुमचं दार दुसरीकडे आहे. पंधरा-वीस माणसांच्या कंपन्या, सीएंची ऑफिसं, एमआयडीसीतले कारखाने, कळमन्याच्या बाजारातले अडते यांच्याकडे टॅली आणि एक्सेलमध्ये रोज तासन् तास जातात. तिथे 'काय येतं ते दाखव' असं विचारणारा माणूस भेटतो.

दाखवायला तुमच्याकडे काही नाही असं तुम्ही लिहिता, ते मला पटलं नाही. तुम्ही दर महिन्याला १४ तारखेनंतर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, उतरवून घेता आणि खरेदीच्या रजिस्टरशी जुळवता. एक्सेलचं व्हीलुकअप लावता, अर्ध्या ओळी जुळत नाहीत, मग डोळ्यांनी बघत बसता. का जुळत नाहीत? आपल्याकडे बिल नंबर '००४५' टाकलेला, व्यापाऱ्याने भरला 'ए/४५'. एक्सेलने '००४५'ला आकडा समजून पुढची शून्यं उडवली, उरलं ४५. कुठे एका रुपयाचा राउंड ऑफ, कुठे बिल मार्चचं आणि भरलं एप्रिलमध्ये. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून आलेल्या मुलाला हे समजवायला आठवडा जाईल.

तर रिॲक्ट ठेवा बाजूला. पायथन आणि पांडास (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) एवढंच घ्या आणि हे जुळवणीचं काम करणारा प्रोग्रॅम लिहा. सुरुवात अगदी लहान करा. जीएसटीआयएन, म्हणजे व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर, १५ अक्षरांचा आहे का? पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, ते बरोबर आहेत का? पुढची दहा अक्षरं पॅनसारखी दिसतात का? एवढं तपासणारा प्रोग्रॅम दोन-तीन संध्याकाळी होतो. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेलं असतं, ते पडताळायचं गणित त्यानंतर. मग बिल नंबर साफ करणं, मग जुळवणी. फाइल वाचताना बिल नंबरचा रकाना मजकूर म्हणूनच वाचायचा, नाहीतर ती शून्यं इथेही उडतील. आणि रुपये दशांशात न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवा. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगून बघा, शेपटाला एक ४ चिकटलेला दिसेल. संगणक अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांची बेरीज म्हणून साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. बॅलन्सशीट जुळवणाऱ्या माणसाला हे कळलं की झोप लागत नाही. लागूही नये.

सरावाला ऑफिसचा खरा डेटा घरी नेऊ नका. त्याच्यासारखी खोटी फाइल बनवा. प्रोग्रॅम चालू लागला की साहेबांना विचारून एका महिन्याच्या जुळवणीला लावून पाहा.

हुरूप टिकत नाही म्हणता. मला विचाराल तर, आपल्या प्रोग्रॅमची कोणी वाट पाहतंय म्हटल्यावरच तो टिकतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी दर महिन्याला 'अरे, ते तुझं चालव ना' म्हणू लागला, की रात्री लॅपटॉप उघडायला स्वतःला ढकलावं लागत नाही. 'रिॲक्टला मागणी आहे' या वाक्यात ते बळ नाही.

पण आपल्या आपण शिकणाऱ्याची खरी अडचण तुमच्या पत्रात आलेलीच नाही, म्हणून मी ती मांडते. अभ्यासक्रम आता कुठेही मिळतो. मिळत नाही तो आपला कोड वाचून प्रश्न विचारणारा माणूस. कॉलेजात बाकावरचा मित्र असतो, मास्तर असतात, नोकरीत सीनियर असतो. घरी रात्री कोणीच नसतं. प्रोग्रॅम चालला म्हणजे झालं, असं वाटत राहतं. लॅबमध्ये मी रिपोर्टचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. वय टाका, स्त्री की पुरुष ते टाका, हिमोग्लोबिन टाका. कमी-जास्त असेल तर तो आकडा ठळक छापायचा. एका ओळखीच्या अनुभवी प्रोग्रॅमरने तो समोर बसून वाचला आणि विचारलं, "चार दिवसांच्या बाळाचं वय या रकान्यात काय लिहिणार?" रकाना वर्षांचा होता. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा जास्तच असतं, म्हणजे त्याला वेगळी मर्यादा लावायला हवी. मग त्याने विचारलं, "वय रिकामं ठेवलं तर?" नंतर, "दोन पेशंटचं नाव एकच असलं तर?" त्या एका दुपारी माझं शिकण्याचं वळणच बदललं. तेव्हापासून कोड लिहिताना त्याचा आवाज माझ्या कानात असतो.

असा माणूस शोधा. बॅचमेटचा भाऊ, सोसायटीतला कोणी, ऑफिसला सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीतला पोट्टा, कोणीही. महिन्यातून एक तास मागा. लोक देतात, फक्त 'मला शिकवा' म्हणू नका, 'हे वाचून चुका काढाल का' असं म्हणा. आणि गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, आत्तापासूनच वापरा. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ते बनवलं, आज जवळपास प्रत्येक ठिकाणी तेच आहे. वाचणाऱ्याला तुमचं काम गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टप्प्याटप्प्याने दिसतं. दुसऱ्याचा कोड वाचायची सवयही तिथेच लागते आणि नोकरीत निम्मं काम तेच असतं.

पाया हवाच. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडून ठेवायच्या पद्धती) शिकवणारा कोर्स आहे. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी. इंग्रजी जड जात असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतूनही आहेत. यातला एकच घ्या आणि पुरा करा.

बाबांचं ऐका, नोकरी सोडू नका. तुमची प्रयोगशाळा त्या नोकरीतच आहे.

प्रश्न : मी बीएस्सी गणित. लग्नानंतर घरीच आहे. मुली शाळेत गेल्या की पायथन शिकते. परवा 'नागपूर' या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर आलं ६. मला तर चारच अक्षरं दिसतात. खूप डोकं लावलं. एवढं साधं कळत नसेल तर हे माझं काम आहे का? हे म्हणतात, आता या वयात कशाला. — एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, हा प्रश्न पडला याचाच मला किती आनंद झाला म्हणून सांगू! अनेक जण वर्षानुवर्षं इंग्रजी शब्दांवर सराव करतात आणि हे त्यांच्या समोर कधी येतच नाही.

तुमचं उत्तर चार, पायथनचं सहा आणि दोन्ही बरोबर. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात काना, उकार, वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र, असे सहा. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत हेच साठवायला प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे अठरा. 'क्षेत्र' करून पाहा. डोळ्यांना दोन अक्षरं, पायथनला सात, कारण दोन्ही हलन्त (पाय मोडल्याच्या खुणा) वेगळे मोजले जातात. आता 'नागपूर' उलटा करा. मात्रा भलत्याच अक्षराला जाऊन चिकटलेल्या दिसतील.

इंग्रजी नावं धरून लिहिलेल्या फॉर्ममध्ये आपलं लांबलचक मराठी नाव मधेच तुटतं, त्यामागे अनेकदा हीच मोजणी असते. म्हणजे तुम्ही ज्या जागी अडलात, तिथे खरोखरची सॉफ्टवेअरही अडतात.

आता पुढचं काम. मराठी वाचक मोजेल तशी अक्षरं मोजणारं फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, लिहा. पायथनसोबत येणारं युनिकोडडेटा मॉड्यूल प्रत्येक चिन्हाचा प्रकार सांगतं, त्याची मदत घ्या. आधी नुसत्या मात्रा सांभाळा, जोडाक्षरं नंतर. मग स्वतःच तपासणीचे शब्द निवडा: 'स्वातंत्र्य', 'दुःख', 'ऱ्हास', 'वाङ्मय'. कोणत्या शब्दावर फंक्शन फसतं ते लिहून ठेवा. हीच टेस्टिंगची सुरुवात, आणि टेस्टिंगच्या नोकऱ्या वेगळ्या असतात.

वयाचं म्हणाल तर गणित झालेल्या बाईला तर्क नव्याने शिकायचा नसतो. मला काळजी आहे ती तुमच्या वेळेची. शाळेच्या सुट्ट्या लागल्या, उन्हाळ्यात पाहुणे आले, की तुमचे ते तास सगळ्यात आधी जातात. घरी तसं सांगून ठेवा. दुपारी जवळच्या अभ्यासिकेत जाऊन बसा. एमपीएससीची मुलं बसतात तशीच तुम्हीही. घरात दिसणाऱ्या बाईला काम सांगितलं जातंच.

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. म्हणतो, कॉलेजला जात नाही, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. आमची संत्र्याची बाग आहे, फीची ओढाताण होईल पण जमवू. काय करावं? — एक पालक, काटोल

उत्तर : काका, जमत असेल तर पदवी घेऊ द्या. मी विनापदवीच्या वाटेने आलेली नाही, पण या विषयातल्या पदवीविना आले, आणि त्यापायी किती दारं आधीच बंद होती हे मला माहीत आहे. तो हुशार असेलही. पण चाळणी लावणाऱ्या मशीनला हुशारी दिसत नाही.

पदवी म्हणजे चार वर्षं महागड्या कॉलेजातच काढली पाहिजेत असंही नाही. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस कोर्स आहे. त्याला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता फेरी असते. शिकणं घरी, मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन. बीसीए, बीएस्सीही चालेल, आणि उरलेल्या वेळात त्याने हवं ते यूट्यूबवर शिकावं. त्याच्याशी वाद घालण्याऐवजी त्याला एक काम द्या. आंबिया आणि मृग बहाराचा तुमच्या बागेचा खर्च, फवारण्या, मजुरी, विक्री यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम तुमच्यासाठी लिहायला सांगा. तुम्ही तो हंगामभर वापरा आणि कुठे अडतं ते त्याला सांगत राहा. तो टिकतो की नाही ते तुम्हालाही दिसेल, त्यालाही.

प्रश्न : एआय सगळा कोड लिहून देतो. मग शिकायचं कशाला? — एक विद्यार्थिनी, नंदनवन

उत्तर : बाळा, मीही रोज वापरते. मागच्या महिन्यात तारखा वाचणारा तुकडा त्याच्याकडून लिहून घेतला. चालला, एकही एरर नाही. पण '०३/०४' ही आपली तीन एप्रिल, त्याने ती अमेरिकी पद्धतीने चार मार्च धरली. पांडासला वेगळं सांगितलं नाही तर तो महिना आधी धरतो, हे मला आधीपासून माहीत होतं म्हणून मी तिथे थांबून पाहिलं. नसतं माहीत, तर चुकीचे आकडे बिनबोभाट पुढे गेले असते.

म्हणून आधी स्वतः लिही, मोडकंतोडकं का होईना. मग त्याला दाखव आणि विचार, यात काय चुकलंय. त्याने दिलेल्यातली जी ओळ तुला मोठ्याने समजावून सांगता येत नाही, ती आपल्या प्रोग्रॅममध्ये घेऊ नकोस. आणि तुझा कोड वाचायला आत्ता कोणीच नसेल, तर गिटहबवर टाक आणि मासिकाच्या पत्त्यावर कळव. मी वाचेन आणि मला पडलेले प्रश्न लिहून पाठवेन.