लाडकी बहीण बंद केली तर आपला टॅक्स कमी होईल का?

तुम्ही विचारलंय की आम्ही टॅक्स भरायचा आणि सरकारने तो फुकट वाटायचा, त्यापेक्षा योजना बंद करून टॅक्सच कमी का करत नाहीत. मी नाशकात अंबड एमआयडीसीत आहे, कॅन्टीनमध्ये रोज हाच विषय असतो आणि मीपण आधी तुमच्यासारखाच तावातावाने बोलायचो.

पण अहो, खिसे वेगळे आहेत. इन्कम टॅक्स केंद्राचा, बहिणींचे १५०० राज्याचे. राज्याला केंद्राच्या करातला वाटा मिळतो हे खरं, पण मुंबईने योजना बंद केली म्हणून दिल्ली काय तुमचा स्लॅब बदलणार नाही. आणि टॅक्स कमी झालाच की, २०२५ च्या बजेटमध्ये १२ लाखांपर्यंत माफ, पगारदाराला पावणेतेरा, सरकारने त्यात साधारण १ लाख कोटींवर पाणी सोडलं. त्या दिवशी आमच्या टेबलावर पेढे आले, रेवडी कोणी म्हणालं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. पगाराच्या स्लिपवर पी.टी. म्हणजे व्यवसाय कर म्हणून २०० कापतात ना, फेब्रुवारीत ३००, तो कर १९७५ ला रोजगार हमीच्या खर्चासाठीच लावला होता. म्हणजे खर्च काढला तेव्हा पैसा कुठून येणार तेही तोंडावर सांगितलं. लाडक्या बहिणीसाठी २०२५-२६ ला ३६ हजार कोटी ठेवले पण कोणाच्या खिशातून ते कोण बोलतच नाही, वर निवडणुकीत २१०० चा वायदा.

बोगस नावं काढा, जरूर काढा, सरकारी नोकरीतल्या बायकांनीही पैसे उचलले हे सरकारनेच कबूल केलंय. पण चाळणी लावताना बघा जरा. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या ताई माझ्या मोबाईलवर योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला बसल्या, स्वतःचा ओटीपी आला, टाकला, पुढे नवऱ्याचा आधार नंबर मागितला. नवरा वारलाय. मला म्हणे, "दादा, गेलेल्या माणसाचा ओटीपी कुठून आणू?" नंतर सरकारने अशा बायकांची वेगळी सोय केली, पण तोवर चार खाडे झाले त्यांचे.

आणि त्या टॅक्स भरत नाहीत म्हणाल तर अंगाच्या साबणावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, त्यांनाही तेवढाच आणि मलाही तेवढाच.