हात जेव्हा काहीच सांगत नसतो

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. कॅमेऱ्यातून हातवारे ओळखून संगणक चालवणाऱ्या तुझ्या प्रोग्रामचा सोबतचा व्हिडिओ तीनदा पाहिला. बारा हातवारे, आणि बाराच्या बारा ओळखले जातात! फार आनंद झाला. आता तेरावा, चौदावा कुठला घ्यावा असं तू विचारलंयस. ते तूर्त बाजूला ठेवू. मला लिहायचंय ते दोन खुणांच्या मधल्या हाताबद्दल. प्रत्येक खूण झाली की तू हात झटकन टेबलाखाली नेतोस. का नेतोस, हे तुलाही ठाऊक आहे: हात दिसत राहिला तर प्रोग्राम भलतंच काही ओळखेल.

हीच चूक मीही केली आहे. सुरुवातीला आम्ही सादरीकरणाची पानं हाताने उलटण्याचा प्रोग्राम लिहिला होता. तळहात डावीकडे फिरवला की पुढचं पान, उजवीकडे फिरवला की मागचं. चाचणीला एक गृहस्थ आले. त्यांना बोलताना हात हलवायची सवय, शिवाय घसरणारा चष्मा सारखा वर सारायची. चष्म्याकडे हात गेला की पान उलटायचं. ते मागे आणायला त्यांनी हात उजवीकडे फिरवला की पान यायचं, पण हात जागेवर परत येताना डावीकडे जायचा आणि पान पुन्हा पुढे. पंधरा मिनिटांनी पाहते तर ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बोलत होते. आम्ही चांगल्या बोलक्या माणसाचे हात बांधून टाकले होते. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

हात काही यंत्रासाठी राखून ठेवलेला नसतो. तो नाक खाजवतो, केस मागे सारतो, शब्द सापडेना की हवेत चाचपडतो. माउसवरून हात उचलला की माउस गप्प बसतो. कॅमेऱ्यासमोर तशी सोय नाही, तिथे हात दिसतो तोवर तो बोलतोच आहे असं धरलं जातं. नजरेने संगणक चालवण्याचे प्रयोग करताना रॉबर्ट जेकब यांनी 1990च्या सुमारास या अडचणीला मिडास राजाचं नाव दिलं. हात लावाल त्याचं सोनं, मग जेवणाचंही सोनंच. नजरेचं जे, तेच हाताचं.

हिशेब करून बघ. कॅमेरा सेकंदाला 30 चित्रं घेत असेल तर तासाला 1,08,000 झाली. दहा हजार चित्रांत एकदाच प्रोग्रामने भलतं काही ओळखलं, तरी तासाभरात दहा-अकरा वेळा कुणी न सांगितलेलं काम होऊन बसेल. कागदावर मात्र अचूकता 99.99 टक्के! म्हणून टक्केवारी मला लिहून पाठवू नकोस. तासाला किती वेळा विनाकारण काही घडलं, तो आकडा पाठव.

मग 'आता मी तुझ्याशी बोलतोय' हे हाताने सांगायचं कसं? जुनं काम बघ. 1980 साली एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी एक खोली उभारली होती. खुर्चीत बसायचं, समोरच्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवायचं आणि तोंडाने म्हणायचं, 'ते तिथे ठेव.' हात फक्त 'कुठे' सांगायचा. 'काय करायचं' आणि 'केव्हा' हे आवाजाकडे. त्यामुळे हात इकडेतिकडे हलला तरी बिघडत नव्हतं. 2010च्या कायनेक्टमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खेळांसाठीच्या कॅमेऱ्यात, पडद्यावरच्या बटणावर हात धरून वर्तुळ भरेपर्यंत थांबायचं होतं. चुकून निवड होणं त्याने कमी झालं, पण हात अधांतरी तोलून धरावा लागला. 2024च्या ॲपल व्हिजन प्रो या डोळ्यांवर चढवायच्या संगणकात नजर असेल तिथे निवड, आणि हात मांडीवर ठेवून नुसती चिमूट. चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा तीच वाटणी: नेम एकाकडे, होकार दुसऱ्याकडे. तुझ्या बारा हातवाऱ्यांत ही दोन्ही कामं एकाच हालचालीवर लादली आहेत. ती आधी वेगळी कर.

होकारासाठी मी चिमूटच सुचवेन. अंगठा आणि तर्जनी टेकली की ते माणसाला स्वतःलाच जाणवतं. हवा बोटाला काहीच उत्तर देत नाही, पण आपलंच बोट आपल्याच बोटाला उत्तर देतं. ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र चिमटीत तीन खाचखळगे आहेत आणि तिन्हींत मी पडले आहे.

पहिला म्हणजे अंतर. मीडियापाइप हे गूगलचं तयार साधन कॅमेऱ्याच्या चित्रातून हाताचे 21 बिंदू देतं, त्यांतल्या दोन टोकांमधलं अंतर मोजून भागत नाही, कारण हात लांब गेला की सगळंच लहान दिसतं. मनगटापासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंतची लांबी हे माप धर आणि त्याच्या तुलनेत मोज. दुसरा, चिमूट मिटली की सुटली हे ठरवायला अंतराची एकच मर्यादा ठेवलीस तर बोटं तिच्या आसपास थरथरतील आणि एका चिमटीच्या पाच होतील. मिटल्याची मर्यादा वेगळी, सुटल्याची तिच्यापेक्षा चांगली सैल. तिसरा सर्वांत छुपा. चिमूट मिटताना तर्जनीचं टोक खाली येतं. नेम त्या टोकावर बांधला असेल तर ऐन होकाराच्या क्षणी पडद्यावरचा बाण बटणावरून घसरतो, आणि माणूस म्हणतो, 'मलाच जमत नाही.' नेम बोटाच्या मुळाशी बांध, किंवा चिमूट मिटायला लागण्याआधीची जागा धर. बाणाची थरथर काढायला 2012चा वन युरो फिल्टर वापरून बघ. हात सावकाश असेल तेव्हा तो थरथर जास्त दाबतो, हात वेगात असेल तेव्हा मागे रेंगाळत नाही.

आता दमण्याचं. खांद्याच्या उंचीवर हात धरून तू स्वतः पाच मिनिटं काम कर. व्हिडिओत तुझा सगळा पसारा तिथेच आहे, आणि पाच मिनिटांत हात भरून येतील. उभ्या टचस्क्रीनच्या काळापासून या त्रासाला 'गोरिला आर्म' म्हणतात. कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेलं असताना जे होईल तेवढंच ठेव. कॅमेरा खाली वळवावा लागला तर वळव.

बारातले किती ठेवू, असं विचारशील. तीन-चार. बाकीचे कुणाच्या लक्षात राहणार नाहीत. कुठले, हे मात्र तू एकट्याने ठरवू नकोस. 2009 साली वॉब्रॉक, मॉरिस आणि विल्सन यांनी टेबलावरच्या टचस्क्रीनसाठी उलटी पद्धत वापरली. आधी परिणाम दाखवला, मग विचारलं, 'हे घडायला तुम्ही हात कसा हलवाल?' 20 माणसं, 27 कामं, 1,080 हातवारे. त्यातून जे पुष्कळांना आपोआप सुचलं, ते निवडलं. तू सात-आठ जणांवर केलंस तरी डोळे उघडतील. अंगठा वर करण्यासारख्या खुणा शक्यतो टाळ, काही ठिकाणी ती शिवी समजतात. आणि ज्या माणसांना विचारशील त्यांत थरथरता हात असलेलं, बोटं न वळणारं, एकाच हाताने सगळं करणारं कुणीतरी असू दे. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग पहिल्या दिवसापासून ठेव, तो मागाहून चिकटवला तर कधीच नीट बसत नाही.

पडद्याने हाताला सतत उत्तर द्यावं: हात दिसतोय, हात चौकटीबाहेर गेला, चिमूट मिटतेय, झालं. हे उत्तर 100 मिलिसेकंदांच्या आत यावं, नाहीतर माणूस तीच खूण पुन्हा करतो. आणि 'मागे घे' ही खूण सर्वांत सोपी असावी.

शस्त्रक्रियेच्या वेळी हातमोजे निर्जंतुक ठेवून स्कॅन पाहायचे असतात, तिथे या कामाचं मोल मी पाहिलं आहे. कीबोर्ड हाताशी असताना हातवाऱ्यांत ते मोल शोधू नकोस.

पुढच्या वेळी व्हिडिओ वेगळा पाठव. ज्याने तुझा प्रोग्राम कधी पाहिलेला नाही अशा कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर तासभर बसव. त्याने एकही आज्ञा द्यायची नाही. फोनवर बोलू दे, पाणी पिऊ दे, जांभई आली तर आळस देऊ दे. तेवढ्या वेळात तुझ्या प्रोग्रामने काय काय केलं ते वेळेसकट लिहून काढ. मी वाट पाहते आहे.

तुझी,
एक जुनी सहकारी