तुटक रेषा आधी बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची जुनी शीट हाती लागली म्हणतोस, छान. लगेच आपलं घर शोधायला बसू नकोस. सगळे तेच करतात, मीही केलं होतं. १:५०,००० च्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, त्यात घर कसलं दिसतंय! तुटक रेषा बघ. त्या पायवाटा.

उमेदीच्या वर्षांत मला अशी एक रेषा थेट नदीत जाऊन संपलेली दिसली. पलीकडच्या काठावर, थोडी खालच्या अंगाला, ती पुन्हा सुरू होत होती. मी वहीत ‘छपाईची चूक’ असं लिहून मोकळा झालो. काठावरच्या एका आजींना दाखवलं तर त्या हसल्याच. तिथे तार होती, म्हणजे होडीने नदी ओलांडायची जागा. ओहोटीला होडी जरा खाली वाहवत जायची, म्हणून पलीकडचा धक्का खाली. त्यांचं माहेर पलीकडचं.

गोव्यात तिसवाडी-बार्देशात खाडीकाठी दातेरी रेष शोध, तो बांध. आतली खाजनं, म्हणजे खाडीपासून राखलेली भातशेतं, भरतीच्या पातळीखाली असतात. २० मीटरच्या अंतराने काढलेल्या समोच्च रेषा त्यांना शिवतही नाहीत, त्यामुळे तो बांध नजरेतून सुटतो. तो फुटला की सगळ्या गावाचं भात खारं. भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. त्यांची राखण आणि बांधाची डागडुजी एकट्यादुकट्याचं काम नव्हे, ते गावकारीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, सांभाळलं. १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, पोर्तुगिजांनी तिचे रिवाज लिहून घेतले, तेव्हाही ती जुनीच होती.

कुर्डीला मात्र मे महिन्यातच जा. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव साळावली धरणाखाली गेलं. पाणी ओसरलं की जुनी माणसं सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. धरणाआधीची शीट मिळाली तर चौथऱ्यांमध्ये उभा राहून विचार, कुठला वाडा कुठे संपत होता. एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळणार नाही. दोन्ही लिहून घे.

विहिरीचं चिन्ह सगळीकडे सारखंच छापलेलं असतं. पाणी कोण शेंदायचं आणि कोण घागर घेऊन लांब थांबायचं, ते कागदावर नाही. विचारायला जड जाईल, तरी विचार. पहिल्याच भेटीत नको. आणि कुणाच्या ओट्यावर नकाशा पसरून तर मुळीच नको. जमिनीच्या तंट्यांनी माणसं पोळलेली आहेत, मोजणीवाला समजून गप्प होतील.

शीट दुमडू नकोस, झेरॉक्स घेऊन फीर. चतुर्थीला आलास की ती वही दाखवतो. ‘छपाईची चूक’ अजून तशीच ठेवली आहे, खोडलेली नाही.

तुझा,
मास्तर